पाटीवरचं वय

आमचं नवं घर जुनं आहे. म्हणजे आम्हाला नवं, पण भिंतींना आधीच्या एका कुटुंबाची सवय झालेली. असल्या घराला हल्ली 'रीसेल' म्हणतात. पूर्वी स्थळं सांगताना 'बिजवर' हा शब्द ज्या दबक्या आवाजात उच्चारला जाई, साधारण त्याच आवाजात. घर दाखवायला आलेला एजंट मात्र दबक्या आवाजाचा नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, पुजाऱ्याने गाभाऱ्यावरचा पडदा सारावा तसा हात करून तो म्हणाला, "सर, किचन सगळं इम्पोर्टेड आहे. हॉब, चिमणी, ओव्हन. फारसं वापरलेलंच नाही. नवंच समजा." या 'समजा'वर आपल्या भाषेने फार ओझं टाकलं आहे. शाळेत बीजगणिताच्या तासाला बाई 'समजा क्ष' म्हणायच्या, तेव्हापासून मी निमूटपणे समजत आलो आहे. तेव्हाही समजलो.

ओव्हन भिंतीत छातीच्या उंचीवर बसवलेला आहे. काळ्या काचेचा, बंद टीव्हीसारखा. जवळ गेलं की काचेत आपलाच चेहरा दिसतो, असतो त्याहून थोडा सावळा आणि थोडा सज्जन. आमच्या जुन्या घरात दोन बर्नरची शेगडी होती. तिच्यापुढे कुणी असं दबकून उभं राहत नसे. दूध उतू गेलं की तिला शिव्या बसायच्या आणि दिवाळीत ती चिंचेने घासून निघायची. हा मात्र घरजावयासारखा: खर्चिक, अबोल, आणि याला नेमकं काय आवडतं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. पहिले पंधरा दिवस आम्ही त्याला हातसुद्धा लावला नाही. सोळाव्या दिवशी डबे लावता लावता बायकोने विचारलं, "अहो, हा किती वर्षांचा असेल हो? आणि अजून किती चालेल?"

हे दोन प्रश्न जोडीनेच जन्माला आलेले असावेत. म्हैस घेताना तेच विचारतात, जुनी स्कूटर घेताना तेच, आणि जरा सभ्य शब्दांत, मुलीला स्थळ बघतानाही तेच. पण म्हशीचे दात मोजता येतात, स्कूटरला आरसी बुक असतं आणि मुलाची पत्रिका असते. ओव्हनचे दात कुठे बघायचे? नंतर कळलं, की जवळजवळ तिथेच. दार खाली उघडलं की चौकटीच्या कडेला, अगदी दाढेपाशी म्हणावं अशा जागी, एक चंदेरी पाटी चिकटवलेली असते. तीवरची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. मी चाळिशी कपाळावर चढवली, परत नाकावर आणली, मोबाइलचा दिवा लावला आणि ओव्हनच्या जबड्यात डोकं घातलं. मागून आई म्हणाली, "काय रे, सापडलं का काही?" माझा आवाज आतल्या आत घुमला, त्यामुळे उत्तर आकाशवाणीसारखं गेलं.

आम्ही पुण्याचे. पाटी वाचून तिच्यात आपला अपमान कुठे दडलाय ते शोधायची आम्हाला लहानपणापासून सवय. पण ही पाटी पुणेरी नव्हती, कारण तिला काही सांगायचंच नव्हतं. व्होल्ट होते, वॅट होते, एक लांबलचक नंबर होता, कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेलं चित्र होतं. आणि कोपऱ्यात, आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने उभं असलेलं, 'एफडी ९१०६'. बायकोने ते कागदावर उतरवून घेतलं आणि क्षणात निकाल दिला, "एक्याण्णव साल, सहावा महिना. अहो, म्हणजे आपल्या लग्नाएवढा!" तिने ओव्हनकडे ज्या सहानुभूतीने पाहिलं, ती गेल्या चौतीस वर्षांत माझ्या वाट्याला क्वचितच आली असेल.

पण मग इमारत २०११ची आणि ओव्हन १९९१चा, हे गणित जमेना. ते सोडवलं चिमणी साफ करायला आलेल्या मेकॅनिकने. विशी-पंचविशीचा पोरगा, कानाला पेन्सिल. पाटीकडे न बघताच तो म्हणाला, "काका, त्यात वीस मिळवायचे असतात." बॉश, सीमेन्स, नेफ, गागेनाऊ ही सगळी एकाच जर्मन कुळातली भावंडं, आणि या कुळाची रीत अशी, की एफडीच्या पुढचे पहिले दोन आकडे सालाचे, पण त्यांत वीस मिळवायचे, मागचे दोन महिन्याचे. एक्याण्णव अधिक वीस एकशे अकरा, शंभर सोडून द्यायचे, उरले अकरा. साल २०११. त्या घरात २०१९ साली जन्मलेल्यांवर ९९ आणि २०२०च्या बाळांवर पुन्हा ००. वय चोरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. जन्मतःच स्वतःला वीस वर्षांनी थोरलं सांगणारं हे पहिलंच घराणं. आणि महिना सहावा. जून.

जून म्हटल्यावर आई हसली. आईचाही वाढदिवस १ जून. तिच्या मैत्रिणींचाही, तिच्या भावंडांचाही, आणि गावच्या शाळेत तिच्या वर्गात असलेल्या निम्म्या मुलांचाही. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा जन्म हेडमास्तरांनी एकाच दिवशी लावून दिला. शाळा जूनमध्ये उघडायची, बाप पोराला घेऊन दारात उभा राहायचा, "कधीचा जन्म?" "भाताच्या लावणीच्या सुमाराचा." मास्तर दौतीत टाक बुडवायचे आणि सहा वर्षं मागे जाऊन १ जून लिहून मोकळे व्हायचे. पोर अंगाने थोराड असलं तर सात वर्षं मागे. एका टाकाच्या फटक्यात पोर शाळेत, आणि पुढे त्याच फटक्यात पेन्शनीत. जर्मनीतल्या त्या कारखान्यातही आमच्या गावचे हेडमास्तरच बसलेले असणार, अशी माझी तेव्हापासून खात्री आहे.

आईचा खरा जन्म, आजी सांगायची त्याप्रमाणे, गांधीजींना मुंबईत पकडलं त्या पावसाळ्यातला. म्हणजे ऑगस्ट १९४२. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९४१, आणि दाखल्यावरचं ते रेशनकार्डावर, तिथून मतदार यादीत, तिथून आधार कार्डावर; खोटं एकदा नीट अक्षरात लिहिलं की त्याला किती पाय फुटतात. तीन वर्षांपूर्वी भावाने मोठ्या हौसेने तिचं सहस्रचंद्रदर्शन केलं. हजार पौर्णिमा म्हणजे एक्याऐंशीला दीड-दोन महिने कमी. त्याने हिशेब आधार कार्डावरून केला. होम झाला, आरती झाली, आई चांदीच्या चंद्राला हात जोडून बसली, आणि जेवणं उरकल्यावर रात्री मला हळूच म्हणाली, "अरे, माझ्या पंधरा पौर्णिमा कमी पडतायत. पण मांडव घातलेला, आचारी आलेला. बोलले नाही." पुढचं वर्ष-सव्वा वर्ष दर पौर्णिमेला ती गॅलरीत जाऊन चंद्र बघून यायची. "फेडतेय," म्हणायची.

त्यामुळे पाटीवरचं वय आणि खरं वय यांतल्या फरकाबद्दल आमच्या घरात कुणाला फारसा धक्का बसत नाही. मेकॅनिकलाही श्रोते मिळाल्यावर रंग चढला. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीची रीत आणखी वेगळी, तो म्हणाला. तिथे नंबराचं पहिलं अक्षर महिन्याचं आणि दुसरं सालाचं. अक्षरं एकूण बारा, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एकच 'ए' १९८९चा असेल, २००१चा असेल नाहीतर २०१३चा. आईला हे बरोबर समजलं. "सिंहस्थासारखं," ती म्हणाली. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि नाशिकला सिंहस्थ भरतो तेव्हा कोणी 'हे कुठलं साल' असं विचारत बसत नाही. म्हातारा असेल त्याला तिसरा सिंहस्थ आठवतो, लहान असेल त्याचा पहिला. अमेरिकेतल्या स्टोव्हचं वय सांगायचं तर आधी त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा आणि मग सिंहस्थ मोजायचे. मग त्या पोराने हॉबचं एक बटण उपसून काढलं आणि उलटं करून माझ्या तळहातावर ठेवलं. आतल्या बाजूला, सुपारीच्या खांडाएवढ्या जागेत, एक वर्तुळ उमटलेलं होतं: कडेने एक ते बारा आकडे, मध्ये एक बाण आणि बाणाच्या दोन्ही अंगांना सालाचे आकडे. प्लॅस्टिक साच्यात ओततात तेव्हाच हा शिक्का त्यात पडतो. एक इवलंसं घड्याळ, काटा एकच, आणि तो कायमचा एका महिन्यावर थांबलेला. चौदा वर्षं आधीच्या घरातल्या बाईंनी हे बटण फिरवलं असेल, वर डाळ शिजली असेल, आणि आत अंधारात हे घड्याळ एकच वेळ सांगत बसलं असेल. मी ते जरा वेळ हातात धरून ठेवलं. पोरगा म्हणाला, "काका, द्या, बसवतो."

आता राहिला दुसरा प्रश्न: अजून किती चालेल? याचंही उत्तर लोकांनी काढून ठेवलेलं आहे. अमेरिकेतल्या घरं बांधणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ साली घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंची आयुष्यरेषा पाहिली. गॅसच्या रेंजला १५ वर्षं, विजेच्या रेंजला १३, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर यांना ९. रेंज म्हणजे वर शेगडी, पोटात भट्टी असं जोडकाम. त्यातल्या त्यात आमच्याला जवळचं. तेराचा आकडा लावला तर आमचा ओव्हन २०२४च्या जूनमध्येच निवृत्त व्हायला हवा होता. सध्या तो एक्स्टेन्शनवर आहे म्हणायचा. मीएले ही दुसरी जर्मन मंडळी आपली यंत्रं वीस वर्षांच्या वापराइतकी राबवून तपासतात. ते वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आलं, की ग्यूटर्सलोहच्या कुठल्याशा दालनात एक लोखंडी हात रात्रंदिवस ओव्हनचं दार उघडतोय आणि लावतोय, उघडतोय आणि लावतोय. आत ना केक, ना नानकटाई. वीस वर्षांचा संसार नुसत्या दार वाजवण्यात उरकतोय. संसाराचं हे चित्र अगदीच खोटं आहे असं नाही, पण ते असो.

आपल्याकडे ज्योतिषी हेच करतो, फक्त त्याच्याकडे लोखंडी हात नसतो. आईच्या पत्रिकेत आयुर्मर्यादा बहात्तर लिहिली होती. बहात्तरावं लागलं तेव्हा तिने कपाटाच्या किल्ल्या सुनांना वाटून टाकल्या, पातळं नीट घड्या घालून ठेवली आणि वाट बघितली. त्र्याहत्तरावं लागल्यावर किल्ल्या परत मागून घेतल्या. घरात एकच वस्तू अशी असते जी आपली पुढची तपासणी छातीवर मिरवते, ती म्हणजे गॅसचा सिलिंडर. गळ्यापाशीच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे: ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, असे तिमाहीचे हप्ते, तोवर त्याला परत परीक्षेला बसायचं असतं. जन्म कधीचा ते विचारू नका, पुढची परीक्षा कधी तेवढं विचारा. रांगडा आणि प्रामाणिक गडी. उंची ओव्हनाला हे जमत नाही. त्याची सगळी ऐट वय न कळण्यात आहे. म्हणून तर पाटी दाढेपाशी.

आणि तो मरतो कशाने? मेकॅनिक या बाबतीत वैद्यासारखा स्पष्ट होता. "काका, पत्र्याला काही होत नाही. कॉइल बदलता येते, दाराचं रबर बदलता येतं, बिजागरी मिळते. पण बोर्ड गेला आणि पुढून बोर्ड यायचा बंद झाला, की संपलं." म्हणजे धडधाकट देह, पोटात आग शाबूत, फक्त डोक्यातली हरभऱ्याएवढी चीप बोलेनाशी होते, आणि तसलं डोकं आता कुणी बनवत नाही. त्याच जर्मन कुळातल्या गागेनाऊ घराण्याची सुरुवात १६८३ साली ब्लॅक फॉरेस्टमध्ये लोखंड ठोकायच्या आणि खिळे घडवायच्या भट्टीने झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस इकडे फोंड्याच्या किल्ल्यापाशी संभाजी महाराज पोर्तुगीज व्हाइसरॉयला घाम फोडत होते. गागेनाऊने आपल्या ३३३व्या वर्षाची आठवण म्हणून एका ओव्हनला ३३३ हाच आकडा दिला. त्या पहिल्या भट्टीतले काही खिळे एखाद्या जुन्या तुळईत अजून घट्ट बसलेले असतील. खिळ्याला बोर्ड नसतो.

वय आणि आयुष्य यांच्या या कचाट्यातून सुटलेली एक चूल मात्र आहे. इंग्रज जिला आगा म्हणतात आणि कुत्र्या-मांजरांसकट जिच्याभोवती बसतात, ती. ती घडवली गुस्ताव दालेन या स्वीडिश माणसाने. दीपगृहांचे दिवे सूर्य उगवला की आपोआप विझावेत आणि मावळला की लागावेत, अशी झडप त्याने शोधली होती. १९१२ साली ॲसिटिलीनच्या प्रयोगात स्फोट झाला आणि त्याचे डोळे गेले. त्याच वर्षी त्याला पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. जगभरच्या खलाशांना उजेड देणारा माणूस अंधारात घरी बसला. घरी बसल्यावर त्याला ऐकू यायला लागलं, की बायको दिवसभर चुलीपाशीच असते: सरपण घाल, राख काढ, दार उघड, बघ, लाव. हे सगळं तिथे पूर्वीही चालूच असणार. पण दिसत होतं तोवर त्याला ते दिसलं नव्हतं. १९२२ साली त्याने जाड बिडाची, उष्णता पोटात साठवून ठेवणारी, कधीच न विझणारी चूल तयार केली. बटणं नाहीत, आकडे नाहीत. एक कप्पा कडक तापलेला, एक मंद. नव्या सुनेने घरातल्या माणसांचे स्वभाव ओळखावेत तसे कप्पे ओळखायचे. पुढे ती इंग्लंडात गेली. कोळशाऐवजी तेल, मग गॅस, मग वीज अशी अन्नं बदलत राहिली, पण अंगाने तीच. २००९ साली तिकडे सर्वांत जुनी चालू आगा शोधायची स्पर्धा झाली. ससेक्समधल्या एका घरात १९३२ साली बसवलेली निघाली. सत्त्याहत्तर वर्षं चालू. तिचं वय तिच्या पाटीवरून नाही, त्या घरातल्यांच्या आठवणीतून कळत असणार. गंमत म्हणजे आपल्या आज्यांनी ज्याला पंप मारमारून खांदे दुखवून घेतले, तो प्रायमसही १८९२ साली स्वीडनमध्येच जन्मला. स्वीडनच्या थंडीने जगाच्या स्वयंपाकघरावर फार उपकार करून ठेवले आहेत.

आमच्या ओव्हनचा संसार मात्र वेगळ्याच प्रकारचा निघाला. एके दिवशी धीर करून मी आतले ट्रे बाहेर काढले. दोनांपैकी एकावर अजून कारखान्यातला पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच. माहितीपुस्तिका बारा-पंधरा भाषांत, आणि तिची पानं एकमेकांना अशी चिकटलेली, की ती आमच्याआधी कुणी उघडलीच नव्हती. खालच्या कप्प्यात एक तवा, दोन कढया, पापडाची जाळी. म्हणजे इतकी वर्षं बिचाऱ्याने कपाटाची नोकरी केली होती. आपल्याकडे परदेशी ओव्हनला बहुधा तीच मिळते. आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, एक मेणबत्ती सापडली: आकड्याची, गुलाबी, अर्धवट जळलेली. '५'. कुणाचा तरी पाचवा वाढदिवस. एक केक झाला असेल, घर माणसांनी भरलं असेल, दिवे मालवले असतील. ते मूल आता कॉलेजात असेल. बायकोने मेणबत्ती पुसून देवघरातल्या काडेपेटीशेजारी ठेवली. टाकून द्यायला तिचा हात होईना. ओव्हनचं वय चौदा खरं, पण आयुष्य किती, म्हटलं तर ते इतकंच: एक संध्याकाळ.

डबे लावायचं काम त्या आठवड्यात संपलं. शेवटच्या खोक्यात आईची भांडी होती. ती तिने स्वतःच काढली, एकेक करून, बाहुल्या मांडाव्यात तशी. पितळेची दोन पातेली आहेत, त्यांना आता आतून कल्हई नाही. लहानपणी वर्षातून दोनदा कल्हईवाला वाड्यात यायचा, अंगणात खड्डा करायचा, भाता लावायचा; पातेलं लालसर तापलं की त्यात नवसागराची चिमूट टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि नाकात तो झोंबरा वास जायचा. मग कथिलाचा एक ओघळ, चिंधीचा एक फिरका, आणि भांड्याच्या आत एकाएकी चांदणं पडायचं. पाण्यात बुडवलं की 'चर्रर'. सहा महिन्यांनी पुन्हा. या भांड्यांना आयुर्मर्यादा कुणी विचारली नाही, कारण वर्षातून दोनदा ती नव्याने जन्मायची. आता कल्हईवालाच येत नाही. पातेल्यांचाही बोर्ड गेला म्हणायचा.

पण नावं शाबूत आहेत. आपल्याकडे भांडं विकत घेतलं, की दुकानदार विचारतो, "नाव काय घालायचं?" आणि शेजारी बसलेला माणूस टकटक करत, टिंबं जोडत, ते कोरतो. आईच्या निम्म्या भांड्यांवर एका बाईचं नाव आहे आणि निम्म्यांवर दुसऱ्याच बाईचं. माझ्या मुलीने लहानपणी विचारलं होतं, "आजी, ही कोण?" ती आजीच. लग्नात नाव बदललं; बोहल्यावर चढायच्या आधी आलेली भांडी माहेरच्या नावाची, नंतर आलेली सासरच्या. त्यांतच एक स्टीलचं पातेलं आहे, अडीच-तीन लिटरचं. १९६३ साली स्टेनलेसचं भांडं म्हणजे मोठी अपूर्वाई. मुंबईच्या मामांनी आणलेलं. काठाखाली कोरलंय: 'चि. सौ. कां. ताईस मामाकडून १२-५-६३'. कोरणाऱ्याचा जागेचा अंदाज चुकला, म्हणून शेवटचा तीनचा आकडा काठावर चढून बसला आहे, एस्टीच्या टपावर चढलेल्या माणसासारखा. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाबद्दल, कुठल्या दिवशी, सगळं चष्म्याशिवाय वाचता येतं. कशातही वीस मिळवावे लागत नाहीत.

डिसेंबरात थंडी पडली आणि दही लागेना. आईने नेहमीचे उपाय केले. भांडं पिठाच्या डब्यात ठेवून पाहिलं, जुन्या शालीत गुंडाळून पाहिलं. सकाळी नुसतं कोमट, आंबूस दूध. "चुलीच्या कडेला ठेवलं की लागायचं," ती म्हणाली, आणि या स्वयंपाकघरात कुठलीच कड उबदार नसते याचं तिला प्रथमच वाईट वाटलेलं दिसलं. बायको म्हणाली, "आई, ओव्हनमध्ये ठेवून बघायचं का? तापवायचा नाही. नुसता आतला दिवा लावायचा." आई म्हणाली, "अगं, भट्टीत कुणी दही लावतं का?" पण मग उठली, विरजण फेटलं, दूध बोटाला सोसेल इतकं निवू दिलं, आणि ते मामांच्या पातेल्यात ओतून वर ताटली ठेवली. दार मी उघडलं. पातेलं तिने स्वतः आत ठेवलं, दोन्ही हातांनी, नाव पुढे करून.

रात्री तीनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो. घर अंधारात होतं आणि ओव्हन तेवढा उजळलेला. एजंटाने हात करून दाखवला तेव्हाही तो असा दिसला नव्हता. पिवळ्या उजेडात मधोमध ते पातेलं, आणि काचेतून सरळ वाचता येत होतं: ६३. मी जरा वेळ तिथे उभा राहिलो. मग आईच्या खोलीत डोकावलो. ती जागीच होती. "लागलं का रे?" म्हणाली. "झोप आता," म्हटलं.

सकाळी तिने ताटली बाजूला केली आणि पातेलं थोडं कलतं केलं. दही हललं नाही. कडेला बारीकशी पाण्याची रेघ तेवढी सुटली. तिने बोटभर चाखलं, मान हलवली, मग उघड्या ओव्हनच्या आत वाकून जरा वेळ पाहत राहिली.

"ह्याचं वय किती म्हणालास?"

"चौदा."

"म्हणजे नववीतला," आई म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.